किल्ली बसली, पण दार कोणते उघडले?

गेल्या गणेशोत्सवात आरती झाल्यावर प्रसादाच्या टेबलापाशी एका पिशवीची बरीच चर्चा झाली. पिशवीत जर्दाळूच्या बिया होत्या. लहानपणी आपण जर्दाळू खाऊन बी फोडायचो आणि आतला इवलासा बदाम खायचो, तशाच दिसणाऱ्या, पण चवीला कडू. पिशवी आणणारे गृहस्थ सांगत होते की यात 'बी-१७ जीवनसत्त्व' असते, ते कर्करोगाच्या पेशीतल्या एका एन्झाइमला नेमके जाऊन बसते आणि फक्त तीच पेशी मारते. निरोगी पेशीला धक्का लागत नाही. ऐकणाऱ्यांत आपल्या एक काकू होत्या. त्यांची केमोथेरपी चालू आहे. त्यांनी बिया तर घेतल्याच, शिवाय त्याच्या कॅप्सूल मिळतात का याचीही चौकशी केली. मिळतात. खर्च महिन्याला सुमारे दीडशे युरो.

मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये आलो, त्याला आता पंधरा वर्षे होतील. मात्र माझ्या कामाचे स्वरूप असे की औषध-संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांसाठी प्रोग्राम लिहावे लागतात. त्यामुळे 'अमुक रेणू तमुक एन्झाइमला बसतो' हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकतो. या वाक्याचा खरा अर्थ किती आणि त्यावर आपल्या घरांतून किती पैसा खर्च होतो, याविषयी मला चार गोष्टी सांगायच्या आहेत, आणि शेवटी मंडळाला एक सूचनाही करायची आहे.

आधी एन्झाइम म्हणजे काय ते थोडक्यात. शाळेच्या पुस्तकात याला विकर म्हणत. शरीरातली किंवा झाडातली रासायनिक कामे भराभर उरकणारे हे प्रथिन. प्रत्येकाचे काम ठरलेले. प्रथिनाच्या अंगावर एक खोबण असते, तिच्यात योग्य आकाराचा लहान रेणू येऊन बसला की काम होते. 'कुलूप आणि किल्ली' ही उपमा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ही उपमा कुठे जन्मली? इथेच, बर्लिनमध्ये. आणि ते पहिले कुलूप कशातले होते? बदामातले.

गोष्ट अशी. १८३७ मध्ये गीसेनचे लीबिग आणि ग्योटिंगेनचे व्योलर या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी कडू बदामाचा अभ्यास केला. कडू बदामात अमिग्डालिन नावाचा पदार्थ असतो, हे त्याआधी फ्रान्समध्ये सापडलेले होते. या दोघांनी दाखवले की बदामातच असलेले दुसरे एक द्रव्य, त्याला त्यांनी इमल्सिन म्हटले, अगदी थोड्या प्रमाणात मिसळले तरी अमिग्डालिनचे तुकडे होतात. तुकडे तीन प्रकारचे: साखर, कडू बदामाचे सुगंधी तेल आणि हायड्रोजन सायनाइड. होय, तेच सायनाइड. पुढे १८९४ मध्ये बर्लिनला एमिल फिशर यांनी या इमल्सिनला साखरेचे दोन जुळे रेणू दिले. दोन्हींत अणू तेच आणि तितकेच, फक्त एक जोड एकात खाली तर दुसऱ्यात वर. इमल्सिनने एकच तोडला, दुसऱ्याला हातही लावला नाही. यीस्टमधल्या विकराने नेमके उलट केले. यावरून फिशर यांनी कुलूप-किल्लीची उपमा मांडली. १९०२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, ते मुख्यतः साखर आणि प्युरीन यांवरील कामासाठी. पुढे १९५८ मध्ये अमेरिकेच्या कोशलंड यांनी त्यात दुरुस्ती सुचवली, की हे कुलूप लोखंडाचे नाही. हात घातल्यावर हातमोजा जसा आकार घेतो तसे किल्ली आल्यावर कुलूपही थोडे बदलते. पण मूळ विचार टिकला.

तेव्हा वाचकहो, त्या पिशवीतल्या बियांविषयी 'रेणू एन्झाइमला नेमका बसतो' हे अगदी खरे आहे. जगात इतक्या जुन्या आणि इतक्या चांगल्या तपासलेल्या जोड्या थोड्याच असतील. 'बी-१७' म्हणजे दुसरेतिसरे काही नसून हेच अमिग्डालिन किंवा त्याचा प्रयोगशाळेत केलेला भाऊबंद. ते जीवनसत्त्व मुळीच नाही. ते न खाल्ल्याने कोणताही आजार होत नाही. रेणू कुलपात बसतो, कुलूप उघडते, आणि दारातून सायनाइड बाहेर येते.

झाडाने ही व्यवस्था स्वतःच्या रक्षणासाठी केली आहे. बीमध्ये अमिग्डालिन एका कप्प्यात आणि विकर दुसऱ्या कप्प्यात ठेवलेले असते. किडीने किंवा जनावराने बी चावली की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि चावणाऱ्याला विष मिळते. आमचे मूळ गाव मंगळवेढ्याकडचे, ज्वारीचे. तिथे कोणत्याही शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. पाऊस ओढ देतो, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन खुरटते, अशा रानात कोणी गुरे सोडत नाही. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचा असाच पदार्थ असतो, पान चावले की त्याचे विकर त्याला तोडते आणि जनावर तासाभरात आडवे होऊ शकते. तीच ज्वारी वाढून, वाळून कडबा झाली की बरीच निर्धोक होते. रसायनशास्त्राचे नाव ठाऊक नसताना आपल्या माणसांनी हे ओळखले होते. म्हणूनच जर्मनीत येऊन, शिकलेसवरलेले आपण तेच विष पैसे मोजून घ्यावे याचे मला जास्त वाईट वाटते.

आता विकणाऱ्यांचा दावा पाहू. ते म्हणतात, हे विकर कर्करोगाच्या पेशीत भरपूर असते आणि निरोगी पेशीत नसते, शिवाय सायनाइड निकामी करणारे दुसरे विकर निरोगी पेशीतच असते. ऐकायला पटते. तपासल्यावर मात्र दोन्ही प्रकारच्या पेशींत पहिले विकर अगदी नगण्य आणि दुसरे साधारण सारखेच आढळले. मग अमिग्डालिन कुठे तुटते? आतड्यात. तिथल्या जिवाणूंकडे हे विकर भरपूर आहे. म्हणून हा पदार्थ तोंडाने घेणे हे शिरेतून घेण्यापेक्षा अधिक धोक्याचे. आणि ज्या भाबडेपणाने आपल्याकडे औषधासोबत 'पौष्टिक' म्हणून चार बदाम दिले जातात, तो इथे घातक ठरू शकतो. गोड बदाम एरवी निरुपद्रवी, त्यात अमिग्डालिन जवळजवळ नसते. पण इमल्सिन असते. बी-१७ च्या गोळ्या आणि वर कच्चे बदाम म्हणजे किल्ली आणि कुलूप दोन्ही स्वतःच्या हाताने पोटात नेऊन ठेवणे. जास्त मात्रेच्या व्हिटॅमिन सी ने सुद्धा धोका वाढतो, आणि तेही याच मंडळींच्या यादीत बहुधा असतेच.

थोडे आकडे देतो, इंजिनिअरचा स्वभाव. एक ग्रॅम अमिग्डालिन पूर्ण तुटले तर सुमारे ५९ मिलिग्रॅम सायनाइड मोकळे होते. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये एका वेळेची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलोला २० मायक्रोग्रॅम धरली. साठ किलोच्या बाईसाठी ती १.२ मिलिग्रॅम होते. पाचशे मिलिग्रॅमच्या एका गोळीत जवळजवळ तीस मिलिग्रॅमची शक्यता दडलेली आहे, म्हणजे पंचवीसपट. सगळे एकदम मोकळे होत नाही हे खरे, पण किती होईल हे कोणाच्या आतड्यात कोणते जिवाणू आहेत यावर ठरते, आणि ते पाकिटावर छापता येत नाही. त्याच संस्थेच्या हिशोबाने मोठ्या माणसाने तीनपेक्षा जास्त लहान कच्च्या बिया एका वेळी खाल्ल्या तर मर्यादा ओलांडते. लहान मुलाला एकसुद्धा जास्त होऊ शकते. बर्लिनची जोखीम-मूल्यांकन संस्था तर मोठ्यांनाही दिवसाला दोनच्या वर नकोत, मुलांना एकही नको, असे सांगते.

आणि गुण? अमेरिकेत लोकांच्या आग्रहामुळे सरकारी संस्थेच्या मदतीने याची रीतसर चाचणी झाली. मेयो क्लिनिक आणि इतर केंद्रांतले १७८ रुग्ण होते, निष्कर्ष १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणी बरे झाले नाही, रोग थांबला नाही, आणि काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ पोचले. त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे झाली. तीच वस्तू नवे नाव घेऊन फिरते आहे.

इथे कोणी म्हणेल, बिया वाईट, मान्य. पण दुसऱ्या वनस्पतींवरचे संशोधन तर खरे असते ना? व्हॉट्सॲपवर येते की हळदीतला, तुळशीतला, गुळवेलीतला अमुक घटक विषाणूच्या किंवा मधुमेहाच्या विकराला बसतो, 'जर्मन शास्त्रज्ञांनी सिद्ध केले'. माझा धंदा इथेच येतो. रेणूचा आकार आणि विकराचा आकार देऊन किल्ली कुलपात कशी बसेल हे संगणकावर पाहता येते, त्याला डॉकिंग म्हणतात. बॉनजवळ झांक्ट आउगुस्टिनच्या संशोधन केंद्रात १९९६ च्या सुमारास यासाठी फ्लेक्सएक्स नावाचा एक गाजलेला प्रोग्राम तयार झाला. आता असे प्रोग्राम फुकट मिळतात आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. उपयोग मोठा आहे: लाखो रेणूंमधून प्रयोगशाळेत नेण्याजोगे शंभर निवडायला. पण त्या प्रोग्रामला काहीही द्या, तो आकडा देतोच. चुकीची खोबण दाखवली तरी रेणू कसातरी कोंबून गुण देतो. २०२० साली करोनाच्या काळात स्वयंपाकघरातल्या जवळजवळ प्रत्येक डब्यातला पदार्थ कोणी ना कोणी असा संगणकात बसवून दाखवला. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना समजेल अशा भाषेत सांगायचे तर हा प्रोग्राम नुसता कंपाइल होण्यासारखा प्रकार आहे. तो चालला का, बरोबर उत्तर दिले का, ग्राहकाकडे बंद पडला का, हे सगळे पुढेच आहे.

संगणक सोडा, खऱ्या परीक्षानळीत बसलेल्या किल्लीचेही तसेच. बदामाचे ते विकर स्वस्त आणि टिकाऊ, त्यामुळे आजही नवे रेणू आधी त्याच्यावर तपासून पाहण्याची पद्धत आहे. डेन्मार्कमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये आयसोफॅगोमीन नावाचा लहानसा रेणू मुद्दाम घडवला. बदामाच्या विकरात तो इतका घट्ट बसला की त्याच्या अतिशय थोड्या प्रमाणानेही विकराचे काम बंद पडले. माणसात या विकराचा एक दूरचा नातलग आहे, त्यात दोष असला की गोशे नावाचा वंशपरंपरागत आजार होतो. त्या विकरालाही हा रेणू बसत होता. कल्पना अशी होती की रेणू बसला की दोषी विकराची घडी नीट होईल आणि ते पुन्हा कामाला लागेल. एका कंपनीने त्याचे औषध करायला घेतले, रुग्णांवर चाचण्या केल्या आणि २००९ मध्ये निकाल पाहून प्रयत्न थांबवला. बहुतेक रुग्णांना म्हणावा तसा फायदा झाला नव्हता. यात कोणाची लबाडी नव्हती, आळस नव्हता. पंधरा वर्षे उत्तम माणसांनी काम केले. किल्ली उत्तम बसत होती, एवढेच. माणूस बरा होण्यासाठी ते पुरेसे ठरले नाही.

उलट उदाहरणही दिले पाहिजे, नाहीतर माझे बोलणे एकांगी होईल. ते आपल्यापैकी काहींच्या घरात असेल: अकारबोज, म्हणजे ग्लुकोबाय. वुपरटालला बायर कंपनीच्या संशोधकांना १९७० च्या दशकात मातीतल्या एका जिवाणूत हा रेणू सापडला. लहान आतड्यात साखर आणि पिष्ट फोडणारी जी विकरे असतात, त्यांच्या खोबणीत हा बसून राहतो, म्हणून जेवणानंतर रक्तातली साखर एकदम चढत नाही. सापडल्यापासून जर्मनीत दुकानात यायला १९९० उजाडले. त्यानंतरही तपासणी संपली नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या साडेसहा हजार लोकांच्या चाचणीत दिसले की हृदयरोग असलेल्या, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांत याने मधुमेह काही प्रमाणात टाळला, पण हृदयविकाराचे झटके कमी केले नाहीत. पोटात वायू होतो तो निराळाच. खऱ्या औषधाची माहिती अशी असते: हे होते, हे होत नाही, हा त्रास आहे.

अकारबोज घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट जाता जाता, कारण ती कुलूप-किल्लीचीच आहे आणि घरच्यांना बहुधा ठाऊक नसते. या गोळीसोबत इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही दुसऱ्या गोळ्या चालू असतील आणि रक्तातली साखर फार खाली गेली, तर साखर, गूळ किंवा पेढा देऊन लगेच उपयोग होत नाही. साखर फोडणारे विकरच गोळीने अडवलेले असते. अशा वेळी ट्राउबेनत्सुकर, म्हणजे शुद्ध ग्लुकोजच द्यावे. कोणत्याही सुपरमार्केटात मिळतो. पर्समध्ये ठेवा.

आता पैशाचे. या देशात डॉक्टरने लिहून दिलेल्या मान्यताप्राप्त औषधाचा मोठा भाग आपली क्रांकेनकासे भरते, आणि ती भरते कारण कोणीतरी आधी पुरावा मागितलेला असतो. पूरक आहाराच्या कॅप्सूलला असा पुरावा लागत नाही. उत्पादकाने सरकारी कचेरीत नोंद दिली की पुरते. गुणाची परीक्षा कोणी घेत नाही. म्हणून तो सगळा पैसा आपल्या खिशातून जातो. काकूंचे महिन्याचे दीडशे म्हणजे वर्षाचे अठराशे युरो, म्हणजे मुंबईला जाऊन येण्याची दोन तिकिटे. नोकरी सुटलेली, आजारी रजेचे पैसे कमी होत चाललेले, अशा घरात हा आकडा लहान नसतो. पैशापेक्षा मोठी भीती अशी की 'हे चालू आहे ना' या समाधानावर कोणी केमोची तारीख पुढे ढकलेल. आणि काही घेतच असाल तर निदान उपचार करणाऱ्या डॉक्टरांपासून लपवू नका. ते रागावतील म्हणून आपले लोक गप्प बसतात आणि मग रक्ताचे अहवाल विचित्र आले की डॉक्टर भलतीकडेच शोधत राहतात.

कायदा काय करतो, असे कोणी विचारेल. कायदा बराच कडक आहे. अन्नपदार्थाने रोग बरा होतो असे लिहायला युरोपीय संघात मनाई आहे. २०१७ पासून ग्राहकाला विकायच्या जर्दाळूच्या कच्च्या बियांत किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सायनाइड नसावे असाही नियम आहे. म्हणूनच त्या पिशवीवर कर्करोगाचा उल्लेख कुठेही नव्हता. मी नीट वाचले. दावा पाकिटावर नसतो, तो तोंडी असतो, मराठीत असतो, आपल्याच टेबलाशी होतो, आणि आपल्या ओळखीच्या, विश्वासाच्या माणसाकडून येतो. जर्मन अधिकाऱ्याच्या कानावर तो कधी जाणार नाही. तो ऐकणारे फक्त आपण आहोत.

म्हणून माझी सूचना. मंडळाच्या अंकात आणि कार्यक्रमांत आजार बरा करण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल, काढे, चूर्णे यांच्या जाहिराती आणि स्टॉल घेऊ नयेत. मला ठाऊक आहे, यावर नाराजी होईल. विकणारे आपलेच सभासद असतात, त्यांतले बहुतेक मनापासून विश्वास ठेवून विकतात, आणि दिवाळीच्या हॉलचे भाडे काही अंशी अशा स्टॉलवरच निघते. आयुर्वेदाला विरोध आहे का, असेही विचारले जाईल. नाही. माझ्या आईचा सुंठीचा काढा मी आजही घेतो. तिने तो कधी कोणाला अठराशे युरोंना विकला नाही आणि कोणाला औषध बंद करायला सांगितले नाही. ज्याला विकायचे आहे त्याने खुशाल दुकान थाटावे. मंडळाचे नाव आणि गणपतीचा मांडव त्याच्या मागे उभा असू नये, इतकेच. हॉलच्या भाड्याची तूट भरायला कुटुंबामागे वर्षाला पाच युरो वर्गणी वाढवावी, असा प्रस्ताव मी येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे.

तोपर्यंत ज्यांच्या घरी अशी पिशवी असेल त्यांनी ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. खरे तर टाकूनच द्यावी. कोणी जास्त खाल्ल्या आणि डोके गरगरणे, उलटी, धाप असे काही वाटले तर वाट न पाहता ११२ ला फोन करावा आणि काय खाल्ले ते सांगावे. नुसता सल्ला हवा असेल तर विषबाधेची मदत चोवीस तास मिळते: बॉन ०२२८ १९२४०, बर्लिन ०३० १९२४०.